थारचा पुढचा स्टॅबिलायझर बार काढला तर घाटात गाडी कशी वागेल?

पावसचा_बागवाला

नमस्कार मंडळी. माझी २०२१ ची थार आहे, डिझेल, फोर बाय फोर, हार्ड टॉप. पावसच्या पुढे आमची कलमांची बाग आहे आणि तिथे जायची वाट सड्यावरून जाते, निम्मा कातळ निम्मी तांबडी माती, आणि मध्येच एक पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, आडवा येतो. त्या पऱ्यात गाडी सरळ उतरत नाही, तिरकीच घालावी लागते, म्हणजे पुढचं डावं चाक खड्ड्यात आणि उजवं दगडावर, मागे नेमकं उलटं. तिथे दरवेळी पुढचं एक चाक अधांतरी राहतं आणि गाडी तिथल्या तिथे गुरगुरत बसते. मागचा लॉकर लागला, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लागली, की निघते बाहेर, पण ते लागेपर्यंत जीव वरखाली होतो, शेजारी आई बसलेली असली की जास्तच.

आता दुसरी गोष्ट. गेले दोन महिने पुढून डाव्या बाजूने टक टक असा आवाज येतोय. सरळ डांबरावर नाही येत, एकच चाक खड्ड्यात गेलं की येतो, आणि स्पीडब्रेकरवरून दोन्ही चाकं एकदम गेली तर बिलकुल नाही. आमच्या इथल्या गॅरेजमध्ये दाखवली तर तो म्हणाला की स्टॅबिलायझरचा, म्हणजे डाव्या उजव्या चाकांना जोडून गाडीचं झुकणं आवरणाऱ्या बारचा आवाज आहे, त्याची टोकं जोडणाऱ्या लिंक बदलून परत सहा महिन्यांत तेच होणार, खाऱ्या हवेत टिकत नाहीत, त्यापेक्षा पुढचा बारच काढून टाकू, आवाजही जाईल आणि चाकं मोकळी होऊन पऱ्यात गाडी टांगणारही नाही. ऑफरोडवाले सगळे काढूनच फिरवतात असं त्याचं म्हणणं.

ऐकायला बरं वाटलं पण मन घेत नाहीये. कारण गाडी एकच आहे. बाबांच्या डोळ्यांसाठी दर पंधरा दिवसांनी आंबा घाटातून कोल्हापूर करावं लागतं, पावसाळ्यातसुद्धा. सीझनला मागची सीट दुमडून पेट्या भरतो त्या वेगळ्याच. तर मला नेमकं हे विचारायचंय की पुढचा बार काढल्यावर डांबरावर काय फरक पडतो, फक्त गाडी जरा जास्त झुकते एवढंच की आणखी काही? ज्यांनी स्वतः काढलाय त्यांनी प्लीज सांगा. ऐकीव नको.

रानवाट_संगमेश्वर

मी काढलाय. माझी जुनी सीआरडीई थार आहे, मागे पाट्यांच्या स्प्रिंग असलेली. दोन वर्षं झाली, काही झालेलं नाही. जंगलातल्या वाटेवर पुढचं चाक चांगलं खाली उतरतं आणि एका बाजूच्या दगडाचा हिसका दुसऱ्या बाजूला येत नाही, कंबरेला लगेच कळतं. वळणावर झुकते हे खरं पण सवय होते. मात्र एक सांगतो, माझी गाडी देवरुख ते संगमेश्वर आणि आसपासची गावं एवढीच फिरते, ४० च्या वर क्वचितच जाते. मुंबईला जायचं असेल तर मी भावाची गाडी घेतो. तुमच्यासारखं घाटाचं काम माझ्याकडे नाही, त्यामुळे माझ्यावरून ठरवू नका.

जिप्सी_चिपळूण

मी काढला होता आणि परत बसवला, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडे जिप्सी होती, पुढे मागे दोन्हीकडे पाटे आणि सरळ अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर. जिप्सीवाल्यांमध्ये पुढचा बार काढायची पद्धत जुनी आहे आणि ऑफरोडला फायदा होतो यात काही खोटं नाही. सरळ अॅक्सलमध्ये एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, बार त्यालाच आडवा येतो, तो काढला की अॅक्सल कसा मोकळा झुलतो ते बघण्यासारखं असतं. मी खूश होतो. चार महिने गावात, नदीपात्रात, सगळीकडे फिरलो आणि येईल त्याला सांगत होतो की काढा काढा.

मग जुलैमध्ये कुंभार्ली घाटातून कराडहून खाली येत होतो. धुकं, पाऊस, वायपर दोन नंबरवर, वेग फार नव्हता, ३५-४० असेल. आता लक्षात घ्या, साध्या वळणावर गाडी झुकायची, एका अंगाला जाऊन स्थिर व्हायची आणि वळण निघून जायचं, त्याची मला खरंच सवय झाली होती. पण त्या दिवशी एका वळणावर समोरून ट्रक अर्धा माझ्या बाजूला आला. मी पटकन डावीकडे घेतली आणि कठडा दिसला म्हणून लगेच उजवीकडे. डावीकडे घेतल्यावर गाडी उजव्या अंगावर कलली, ती सावरायच्या आत मी स्टेअरिंग उलटं फिरवलेलं, मग तो सगळा झोका पूर्ण दुसऱ्या अंगाला गेला आणि मागचं टायर ओल्या डांबरावरून सुटलं. हातातलं स्टेअरिंग आणि गाडी यांचा काही संबंधच नाही असं ते एक सेकंद. कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबलो. बायको शेजारी होती, ती घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

म्हणजे नुसतं जास्त झुकणं हा प्रॉब्लेम नाहीये. झुकायला वेळ लागतो, सावरायला वेळ लागतो, आणि आपण एकदा इकडे एकदा तिकडे केलं की गाडी आपल्या हाताच्या मागे पडते. घाटात नेमकं हेच करावं लागतं. कुत्रा आडवा येतो, दरड पडलेली असते, बाईकवाला येतो. आठवड्याभरात बार परत लावला.

तुमच्या गाडीला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरखालच्या दोन आर्मवर स्वतंत्र, सरळ अॅक्सल नाही. तिथे बार काढून मिळणारा फायदा जिप्सीपेक्षा बराच कमी, कारण चाक किती खाली उतरणार हे आर्म आणि शॉकअपच ठरवतात, बार असो नसो. त्यामुळे सौदा अजूनच वाईट.

मालवणी_नांगर

माझा ऐकशात तर काढू नकात. होडीची उलांडी काढून समुद्रात जाण्यासारखा आसा ता. लिंक बदला, काम झाला.

एसटी_वर्कशॉप_निवृत्त

पावसकर, तुमचा प्रश्न चांगला आहे आणि तुम्ही आवाजाचं जे वर्णन केलंय त्यातच निदान आहे. मी ३१ वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, बहुतेक बसच्या खाली, पण बार तोच आणि त्याचं गणित तेच.

आधी हा बार करतो काय ते बघा. इंग्रजी यू सारखी वाकवलेली एक पोलादी कांब, मधला भाग दोन रबरी बुशांत चॅसीला धरलेला, आणि दोन टोकं लिंक रॉडने डाव्या उजव्या लोअर आर्मला. दोन्ही चाकं एकदम वर गेली, जसं स्पीडब्रेकरवर, तर बार बुशात नुसता फिरतो, काही काम करत नाही. म्हणून तुम्हाला तिथे आवाज येत नाही. एकच चाक वर गेलं की बारला पीळ पडतो, लिंकवर ताण येतो, आणि लिंकचा बॉल जॉइंट ढिला असेल तर तिथेच टक होतं. वळणावरही तसंच, बाहेरचं चाक दबतं, आतलं लांबतं, बार पिळतो आणि गाडीचं झुकणं आवरतो. म्हणजे बार ही एक स्प्रिंगच आहे, फक्त पिळाची. जाडी थोडी वाढली तरी ती किती कडक होते ते माहीत असावं, कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, २४ मिमीच्या जागी २७ मिमीचा भरीव बार घातला तर तो ६० टक्के जास्त कडक. म्हणून कोणी बाहेरचा जाड बार विकायला आला तर तोही उगाच घालू नका.

आता उलांडीबद्दल. नांगरभाऊ, तुमचा सल्ला बरोबर आहे पण उपमा पूर्ण जुळत नाही, आणि हाच गैरसमज मी लोकांमध्ये खूप बघितलाय. उलांडी होडीला खरोखर उलटण्यापासून वाचवते. बार तसं करत नाही. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर किती जाणार हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यावर ठरतं. बार लावून किंवा काढून ती बेरीज जवळपास बदलत नाही. बार फक्त ठरवतो की त्या बेरजेतला किती वाटा पुढच्या चाकांनी उचलायचा आणि किती मागच्यांनी. सगळी गोम इथे आहे.

तुमच्या थारला पुढेही बार आहे आणि मागेही. कंपनीने दोन्ही मिळून तोल बसवलाय. गॅरेजवाला फक्त पुढचा काढायला सांगतोय. पुढचा काढला की पुढची बाजू मऊ झाली, मग वळणावर तो भार मागच्या बाजूला, म्हणजे मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त जाणार. आणि टायरचं असं आहे की त्यावर दुप्पट वजन टाकलं म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. त्यामुळे ज्या टोकावर भार जास्त सरकतो ते टोक आधी सुटतं. कंपनीतून आलेली गाडी वेग जास्त झाला तर पुढून बाहेर सरकते, माणूस घाबरून अॅक्सिलरेटर सोडतो आणि ती बरीचशी सावरते. पुढचा बार काढलेली गाडी मागून सुटायच्या बाजूला झुकते, आणि तिथे घाबरून अॅक्सिलरेटर सोडला तर भार पुढे येतो, मागचं टायर अजून हलकं होतं आणि गाडी गरकन फिरते. जिप्सीवाल्यांचं मागचं टायर सुटलं ते वाचून मला जराही आश्चर्य वाटलं नाही. त्यात तुम्ही डांबरावर टू-एचमध्ये चालवणार, म्हणजे ताकद मागच्याच चाकांना, वर ओला रस्ता. ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, असेल तर ती काही प्रमाणात सावरेल, पण ती यंत्रणासुद्धा दोन्ही बार जागेवर आहेत असं धरूनच जुळवलेली असते.

ऑफरोडसाठी बार सोडणं हे मुळात चूक नाही. जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये कंपनीनेच त्यासाठी बटन दिलंय, पुढचा बार त्याने सुटतो. पण बघा, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग गेला की गाडी तो आपोआप परत जोडते. ज्यांनी तो सोडायची सोय केली त्यांनीच रस्त्यावर तो सुटा ठेवला नाही.

आता आवाजाचं. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक. एकाला बोनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन डावीकडे उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही चाकाच्या मागून हात घालून डाव्या लिंकच्या बॉल जॉइंटवर बोटं ठेवा. ढिला असेल तर टक कानाला ऐकू यायच्या आधी बोटाला लागेल. टॉर्चने बघा, रबराचं बूट फाटलेलं असेल, आतलं ग्रीस जाऊन तिथे तांबडी पेस्ट भरलेली असेल, आपल्याकडची माती आणि पाणी मिळून जी होते ती. लिंक दोन्ही बाजूच्या बदला, एक नको. चॅसीवरचे बुशही बघा, खारं पाणी आणि कातळाची धूळ त्यांना खाते. नट गंजलेला असणारच, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, आणि सोडवताना बॉल जॉइंटची दांडी बरोबर फिरते म्हणून ती दुसऱ्या पान्याने किंवा अॅलन कीने धरावी लागते, नाहीतर तासभर नुसतं फिरवत बसाल. सगळ्यात महत्त्वाचं, सोडताना आणि लावताना पुढची दोन्ही चाकं एकाच पातळीत हवीत, एकच बाजू जॅकवर घेतली तर बार पिळलेला असतो आणि बोल्ट निघताना उसळतो.

पावसचा_बागवाला

काका, हे इतकं नीट आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. मी आत्ताच हात घालून बघितलं, धाकट्या भावाला बोनेटवर जोर द्यायला लावला. डाव्या लिंकच्या वरच्या टोकाला स्पष्ट लागतंय. बूट फाटलंय आणि आत खरंच तांबडी पेस्ट आहे. उजवी अजून घट्ट आहे पण बुटाला चीर गेलीय.

एक शंका राहिली. तात्पुरतं, म्हणजे बागेत जाताना फक्त एका बाजूची लिंक सोडली आणि येताना लावली तर चालेल का? की दोन्ही सोडाव्या लागतील?

एसटी_वर्कशॉप_निवृत्त

एका बाजूची सोडली तरी बार निकामी होतो, कारण पीळ पडायला दोन्ही टोकं धरलेली लागतात. पण सुटी लिंक लोंबती ठेवू नका, वायरने किंवा पट्ट्याने घट्ट वर बांधा, नाहीतर ती टायरला किंवा ब्रेकच्या होजला घासेल. आणि लावायला विसरणार नाही असं काहीतरी करा, पाना ड्रायव्हरच्या सीटवर ठेवा. दमून संध्याकाळी घरी निघालेला माणूस विसरतो, हे मी चांगल्या चांगल्या मेकॅनिकचं बघितलंय.

गुहागर_ते_बर्फ

थोडा वेगळा अनुभव देतो, गाडीचा नाही पण याच बारचा आहे.

मी गुहागरचा. ४ हिवाळे कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात एका लॉजवर कामाला होतो, स्वयंपाकघरात लागलो आणि हळूहळू शेडमध्ये मशीनं सांभाळायला लागलो. मशीनं म्हणजे स्नोमोबाईल, गुलमर्गला बर्फावर टुरिस्टना फिरवतात तीच. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, हँडल बाईकसारखं. पुढच्या दोन स्कींना गाडीसारखेच ए-आर्म असतात, आणि डाव्या उजव्या आर्मला जोडणारा हाच बार, तिकडे त्याला स्वे बार म्हणतात.

तिथे दोन प्रकारची जनता असते. एक जण ट्रेलवर चालवतात, म्हणजे मशीन फिरवून दाबलेला कडक बर्फाचा रस्ता. दुसरे डोंगरात, कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात. ट्रेलवाल्यांच्या मशीनला दोन स्कींमधलं अंतर जास्त, साधारण ४२-४३ इंच, आणि बार असतो. डोंगरवाल्यांचं अंतर ३६ इंचाच्या आसपास, आणि त्यातले बरेच जण बार काढून टाकतात. कारण त्यांना मशीन सपाट ठेवायचंच नसतं. डोंगराच्या उताराला आडवं जायचं तर मशीन एका कुशीवर धरावं लागतं, एक स्की हवेत, एक बर्फात, आणि सगळा खेळ पाय आणि कंबर यांचा. बार असला की एक स्की दाबली तर तो दुसरीलाही ओढतो आणि मशीन हट्टाने सपाट व्हायला बघतं.

आमच्या लॉजच्या एका डोंगरी मशीनचा बार आम्ही काढला, मीच सोडवला, लिंक, बुश, सगळं एका डब्यात भरून फळीवर ठेवलं. पहिल्यांदा वर ताज्या बर्फात नेलं तेव्हा विश्वास बसेना. नुसतं डाव्या पायावर वजन टाकलं, हँडलला हलका झटका दिला की मशीन आज्ञाधारकपणे कुशीवर यायचं. आधी तेच करायला खांद्याने ओढावं लागायचं. दुपारपर्यंत हात दुखायचे ते थांबलं.

आणि मग संध्याकाळी परतीची १२ किलोमीटरची ट्रेल, दिवसभरात लोकांनी चालवून पन्हळीच्या पत्र्यासारखी झालेली, कडक. सरळ भागात बरं होतं, एका स्कीखाली ढेकूळ आलं तर हँडलला हिसका कमी येत होता. पण पहिल्याच वळणावर मशीन बाहेरच्या बाजूला जे कललं, मला बाहेर फेकतंय असं वाटलं. बाहेरच्या स्कीचा शॉकअप जवळजवळ पूर्ण बसला आणि मी आतल्या बाजूला अर्धा लटकलो तेव्हा ते वळण निघालं. मागे एकच पट्टा असतो, डावं उजवं चाक नाही, त्यामुळे मागून झुकणं आवरायला फारसं कोणी नसतं, सगळं काम पुढच्या दोन स्प्रिंगचं आणि बारचं. बार गेला की उरल्या स्प्रिंग. आम्ही दुसऱ्या दिवशी स्प्रिंगचा ताण वाढवून बघितला. झुकणं थोडं कमी झालं, पण मग सरळ ट्रेलवर मनगटं आणि पाठ खिळखिळी व्हायची, म्हणजे बार जे फक्त वळणावर करत होता ते आता मशीन प्रत्येक ढेकळावर करायला लागलं. शेवटी असं ठरलं की डोंगराचं मशीन बिनबाराचं राहील, पाहुण्यांना ट्रेलवर द्यायच्या मशीनना हात लावायचा नाही.

आता हे इथे का लिहिलं. तिथे बार काढून लोक जिवंत राहतात आणि मजेत चालवतात त्याचं कारण मला शेडमध्ये नंतर कळलं. मशीन २००-२२० किलोचं आणि त्यावर उभा माणूस ८० किलोचा. माणूस स्वतः इकडून तिकडे सरकतो, गुडघा सीटवर टाकतो, एका पायावर बाहेर लोंबतो. बार काढला तेव्हा बारचं काम माणसाने अंगावर घेतलं. बागवाले, तुमची थार पावणेदोन टनाच्या आसपास आणि तुम्ही पट्टा बांधून एका जागी बसलेले. शेजारी आई, मागे बाबा. तुम्ही कुठे सरकणार? तुमच्या गाडीत ते काम करायला दुसरं कोणी नाही. आणि तिथे पडलं तर खाली मऊ बर्फ असतो, आंबा घाटात काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

रानवाट यांचंही खोटं नाही, त्यांची गाडी म्हणजे आमचं डोंगरी मशीन, कामच तेवढं. तुमची दोन्ही कामाची एकच गाडी आहे.

रानवाट_संगमेश्वर

पटलं. काकांचं वाचल्यावर मी माझ्या गाडीचा पण विचार करतोय. मला फक्त झुकण्याचंच माहीत होतं, मागून सुटायचं कोणी बोललं नव्हतं. बार माडीवर पडलाय, गंज काढून बुश नवीन घालून लावून टाकतो पावसाच्या आधी.

पावसचा_बागवाला

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला त्याबद्दल सॉरी, मोहोराची फवारणी चालू होती.

दोन्ही लिंक आणि चॅसीवरचे दोन्ही बुश बदलले. डावा नट काही केल्या सुटेना, रात्रभर तेल मारून ठेवलं तरी नाही, शेवटी ग्राइंडरने कापला. काकांनी सांगितलं तसं दोन्ही चाकं जमिनीवर ठेवूनच काम केलं. काढलेली डावी लिंक हातात घेऊन हलवली तर बॉल आत खुळखुळ्यासारखा वाजत होता. आवाज पूर्ण गेलाय. आणि एक अपेक्षित नव्हतं ते झालं, वळणावर गाडी आधीपेक्षा घट्ट वाटतेय. म्हणजे ढिल्या लिंकमुळे बार आधीपासूनच थोडा उशिरा काम करत असणार आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. परवा बाबांना घेऊन आंबा घाटातून गेलो, बाबा स्वतःहून म्हणाले की आज गाडी शांत चाललीये.

नवीन लिंक पूर्ण आवळायच्या आधी मी एक प्रयोग केला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका बाजूची लिंक सोडून वर बांधली आणि तसाच हळूहळू पऱ्यावर गेलो. नेहमीच्याच जागी गाडी तिरकी उभी केली. भावाने टांगलेल्या चाकाखाली हात घालून बघितलं. बार जोडलेला असताना चाकाखाली चार बोटं जात होती, सोडल्यावर दोन. जिप्सीवाले दादा म्हणाले होते तेच, फरक आहे पण एवढाच, चाक तरीही जमिनीला टेकलं नाही. दोन बोटांसाठी रोज पाना घेऊन गाडीखाली झोपायचं आणि येताना विसरायची भीती बाळगायची, ते काही पटलं नाही.

मग आम्ही दोघांनी तिथेच बसून वाटेकडे बघितलं. आजवर एकदाही वाटेकडे असं बघितलं नव्हतं, गाडीच बदलायच्या मागे होतो. घराच्या कामातून उरलेले जांभ्याचे चिरे मागच्या पडवीला पडून होते. त्यातले नऊ आणले, जिथे डावं चाक उतरतं तिथे खड्ड्यात बसवले, पाणी जायला मध्ये फट ठेवली, वरून खडी टाकून चोपलं. आता गाडी तिथून थोडी हलून जाते पण चारही चाकं खालीच राहतात, लॉकर लागतसुद्धा नाही. पावसाळ्यात पऱ्या भरून वाहील तेव्हा चिरे राहतात का जातात ते बघायचं, गेले तर पुढच्या वर्षी सिमेंट घालू.